फळीवर राहिलेले सहा पंप

आमच्या गॅरेजात गाड्यांचे दोष एक बाई शोधतात असं सांगितलं, की नवीन गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघतं, मग त्यांच्याकडे, आणि मग विचारतं, "पण मिस्त्री कुठे आहेत?" मी स्टोअरच्या खिडकीतून पेनाने दाखवतो. "त्याच." एकतीस वर्षं मी या खिडकीत बसून सुटे भाग देतोय. लोकांचे चेहरे पडताना बघायचे, एवढीच करमणूक या नोकरीत आहे.

त्यांना सगळे वहिनी म्हणतात, कारण त्यांचा नवरा इथला उस्ताद होता. बाकीचे मिस्त्री, हा उस्ताद. चालू गाडीकडे पाठ करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसरा इंजेक्टर," नाहीतर, "पट्टा सैल आहे." चुकायचा वर्षातून एखाद्या वेळी, आणि मग आठवडाभर घुम्यासारखा वागायचा. त्याच्या ऐन भरात गाड्यांच्या कंपनीने तपासणीचं मशीन पाठवलं. गाडीला वायर जोडायची आणि पडद्यावर दोष वाचायचा. मशीनच्या मागोमाग पत्रकं यायला लागली, अमुक मॉडेलची चाचणी बदलली, तमुक भाग आता असा बसवा. सगळी इंग्रजीत, आणि उस्तादला इंग्रजीचं वावडं. वहिनी तेव्हा वरच्या ऑफिसात गाड्यांच्या कामाची जॉबकार्डं टाइप करायच्या. दुपारी दोघं डबा घेऊन माझ्या खिडकीमागे बसायची. वहिनी पत्रक वाचून सोप्या शब्दांत सांगायच्या आणि उस्ताद खाता खाता ऐकायचा. कान त्याचे, डोळे हिचे, असा तो संसार चालला होता आणि मी मधल्या फळ्यांआडून फुकटात शिकत होतो.

आठ वर्षांपूर्वी उस्तादची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि उरलेले दिवस थकवा, मग कसलं गॅरेज. गॅरेजच्या साहेबांनी त्याच्या जागी दोन माणसं आणून पाहिली. एक जण महिन्याभरात पळाला, दुसऱ्याला मशीन म्हणजे टीव्ही वाटायचा. एक दिवस वहिनी ऑफिसातून खाली उतरल्या, ओढणी कमरेला बांधली आणि स्वतःच वायर जोडली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तेव्हा सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी म्हणालो, हे कबूल करतो. सहा महिन्यांनी तेच मिस्त्री अडलं की "वहिनी, जरा बघता का" म्हणत त्यांच्यामागे फिरायला लागले.

त्यांची एक पद्धत होती, आणि ती मशीनची नव्हती, उस्तादची होती. दर महिन्याला मशीनवर नवीन अपडेट चढायचं. त्याच्याबरोबर चौदा-पंधरा पानांचं पत्रक यायचं, त्यात नवीन काय दिलंय त्याची ठळक अक्षरात जाहिरात. उस्तादने वहिनींना पहिल्यापासून बजावलं होतं, "आलेलं सगळेच वाचतात. गेलेलं काय ते बघ. देताना माणूस ढोल वाजवतो, काढून घेताना चपला हातात घेतो." म्हणून अपडेट चढलं की वहिनी मशीनवरच्या सगळ्या चाचण्यांची यादी छापायच्या, जुन्या महिन्याच्या यादीवर ठेवायच्या, आणि दोन्ही कागद माझ्या खिडकीच्या काचेवर उजेडात धरायच्या. ओळीवर ओळ बसली तर ठीक. एखादी ओळ एकटी दिसली तर ती चाचणी कंपनीने काढली. मग फोन, मग भांडण, मग कंपनीचा माणूस कुरकुरत कारण सांगणार. असल्या तीन चाचण्या वहिनींनी पकडल्या होत्या. या कामाला तासभर लागतो आणि ते कुठल्या जॉबकार्डावर लिहिलेलं नसतं. साहेबांना वाटायचं, बाई काचेला कागद लावून ऊन खातेय.

तो सोमवार मला आठवतो तसा आठवू नये असं वाटतं. आदल्या दिवशी उस्तादच्या हाताची नस बंद पडली होती. जिथून रक्त यंत्रात जातं तीच. वहिनी सकाळी दवाखान्यातूनच आल्या, दोन तास उशिरा, डोळे लाल. बाहेर नऊ गाड्या रांगेत आणि साहेब फाटकात उभे. त्या दिवशी अपडेट चढवायचंच होतं, त्याशिवाय मशीन उघडतच नव्हतं. वहिनींनी ते चढवलं, यादी छापली आणि काचेपर्यंत आल्या. तेवढ्यात साहेब मागून म्हणाले, "वहिनी, माणसं खोळंबलीत."

"उद्या लावते," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि यादी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. उद्या कधी येत नाही हे पोरासोरांनाही माहीत असतं. दुसऱ्या दिवशी नसेचं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी ताप, आणि मग यादी ड्रॉवरमध्येच राहिली.

आता पंपाचं सांगतो. डिझेल व्हॅनमध्ये हाताच्या पंजाएवढा एक पंप असतो, व्हॅक्यूम पंप. ब्रेक पायाला हलका लागतो तो त्याच्यामुळे. पंप दमला तरी सपाट रस्त्यावर पत्ता लागत नाही. उतारावर चार वेळा ब्रेक दाबला की पाचव्या वेळी पेडल दगड होतं. आमच्याकडच्या जुन्या मालिकेच्या व्हॅनना हे दुखणं लागलेलं होतं. मशीनवर त्याची चाचणी होती. इंजिन चालू ठेवून तीनदा ब्रेक दाबायचा आणि जोर किती सेकंदात परत येतो ते मशीन मोजायचं. उशीर झाला की पडदा लाल. आठवड्याला चार-पाच गाड्या लाल व्हायच्या आणि माझ्या फळीवरून तेवढे पंप जायचे.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी माझ्याकडे सहा पंप आले होते. ते दहा दिवसही पुरायचे नाहीत. अपडेटपासून अकराव्या दिवशी, गुरुवारी, मी फळ्या पुसत होतो आणि बघतो तर सहाच्या सहा डबे जागेवर. डब्यांवर धूळ बसलेली. दुकानातला माल पडून राहिला तर दुकानदार रडतो, पण गॅरेजात रोज मागितला जाणारा भाग मागणं बंद होतं तेव्हा आधी भीती वाटायला हवी. गाड्या त्याच, रस्ते तेच, मग पंप अचानक खराब व्हायचे का थांबले? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला होता. मी मूर्ख नाही.

पण मी बोललो नाही. त्याच आठवड्यात वहिनींनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. एका आकड्याच्या फरकाची नळी मी दिली होती आणि मिस्त्र्याने ती बसवली होती. "भाऊजी, नंबर वाचायचे असतात, आठवायचे नसतात," त्या म्हणाल्या होत्या. चूक माझीच होती, म्हणून राग जास्त. तेव्हापासून आमचं बोलणं बंद, चिठ्ठीवर कारभार. पंपांचे डबे बघितल्यावर मी मनात म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला, मला काय. फडकं झटकलं आणि पुढची फळी पुसायला घेतली.

त्याच गुरुवारी डायलिसिस केंद्राची व्हॅन आली होती. उस्ताद ज्या व्हॅनमधून सोमवार, बुधवार, शुक्रवार जातो तीच. जुन्या मालिकेची, पांढरी, मागे रुग्णांसाठी सहा आसनं. तिचा ड्रायव्हर तोंडाळ आहे, माझ्या खिडकीशी चहा पीत म्हणाला, "सकाळी ब्रेक जरा घट्ट लागतो हो, काका. पण थंडीने असेल." वहिनींनी गाडीला वायर जोडली. नवऱ्याची गाडी म्हणून दुप्पट वेळ घेतला. ब्रेकचं तेल बदललं, चाकं उतरवून घासपट्ट्या बघितल्या, मशीन एकामागून एक आपोआप घेतं त्या सगळ्या चाचण्या दोनदा चालवल्या. शेवटी पडद्यावर हिरवी खूण आली, 'दोष आढळला नाही'. मशीन खोटं बोललं नाही. जे तपासलंच नाही त्यात दोष कुठून आढळणार? नवीन मालिकेच्या पंपाला ही चाचणी लागू नव्हती, म्हणून कंपनीने ती जुन्या मालिकेसाठीही काढून टाकली होती. पण शेवटची हिरवी खूण तशीच ठेवली होती. हे आज मला माहीत आहे, त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं.

वहिनींनी कार्डावर सही केली आणि घरी जाऊन उस्तादला सांगितलं, तुमची गाडी मी स्वतः पास केलीय, आता निवांत बसा.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी, अपडेटला एकोणीस दिवस झाले तेव्हा, मी माल मोजत होतो. पंप सहा. मला माझाच अबोला जड झाला होता. बोलायला निमित्त हवं म्हणून मी खिडकीतून म्हणालो, "वहिनी, तुमच्या पंपांनी संप केलाय का? एकोणीस दिवस झाले, एक हलला नाही."

मला वाटलं हसतील. त्या एका गाडीखाली वाकलेल्या होत्या. हळूच सरळ झाल्या.

"काय म्हणालात?"

"व्हॅक्यूम पंप. सहाच्या सहा फळीवर आहेत."

"फळीचं बिन-कार्ड दाखवा."

कुठला भाग कोणत्या तारखेला गेला ते या कार्डावर लिहिलेलं असतं. मी दिलं. शेवटची नोंद शुक्रवारची होती, अपडेटच्या तीन दिवस आधीची. वहिनींनी तारखेवर अंगठा ठेवला आणि तसाच ठेवला. मग जवळजवळ धावत ड्रॉवरकडे गेल्या, घडी घातलेली यादी काढली, फाईलमधली जुनी ओढली, आणि दोन्ही कागद माझ्या काचेवर धरले. मी आतून बघत होतो, म्हणून अक्षरं मला उलटी दिसत होती. तिसऱ्या पानावर सगळ्या ओळींवर ओळी बसल्या आणि मध्ये एक ओळ एकटीच उभी होती. मला वाचायची गरज पडली नाही, त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"किती गाड्या?" मी विचारलं.

"तेवीस," त्या म्हणाल्या. जॉबकार्डं बघितलीही नाहीत. "अहो भाऊजी, आज शुक्रवार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती. व्हॅन साडेअकराला घराघरातून रुग्णांना घेते. आमची वस्ती वर, डायलिसिस केंद्र खाली नदीकाठी, आणि मध्ये सात वळणांचा उतार. त्या उताराला दोन्ही बाजूंनी धड थांबायला जागा नाही, एका अंगाला दगडी भिंत आणि दुसऱ्या अंगाला कठडा. वहिनींनी ड्रायव्हरला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. केंद्रात लावला तर तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "गाडी चालवताना आमचे ड्रायव्हर फोन घेत नाहीत, मॅडम. गाडी पोहोचली की कळवते."

"पोहोचली तर," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग उस्तादचा फोन. तो पिशवीत ठेवतो, पिशवी पायाशी, त्याला वाकवत नाही. पहिल्यांदा नाही उचलला. दुसऱ्यांदा नाही. माझ्या मनात एकच, मागच्या गुरुवारी बोललो असतो तर. तिसऱ्यांदा त्याने उचलला. वहिनींनी फोन माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा केला.

"अहो, कुठे आहात?"

"दुसऱ्या वळणावर." उस्तादचा आवाज नेहमीसारखा, सावकाश. "बोल."

"ड्रायव्हरला सांगा, ब्रेक सारखा दाबू नको. गियर खाली घे. पंप गेलाय, ऐकताय का? पंप गेलाय."

"तेच सांगतोय त्याला," उस्ताद म्हणाला. "पेडल आत्ताच घट्ट झालं."

मग तो आमच्याशी बोललाच नाही. फोन त्याच्या मांडीवर असावा. मागच्या आसनांवरून कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं. उस्ताद ड्रायव्हरशी बोलत होता, त्याच आवाजात, एखाद्याला नट कसा आवळायचा ते शिकवावं तसा. "इंजिन बंद करू नको. दुसरा. आता पहिला टाक. टाक, ओरडू दे त्याला. हँडब्रेक दोन दाते वर, एकदम नको." इंजिन किंचाळायला लागलं. त्या किंचाळण्याखाली मला एक बारीक टकटक ऐकू आली, एकसारखी, नखाने टेबल वाजवल्यासारखी. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ती मलासुद्धा ऐकू आली. वहिनींनी दोन्ही हातांनी कट्टा धरला होता.

"काका, ब्रेक लागत नाही," ड्रायव्हरचा आवाज आला. "लागतच नाही."

"भिंतीकडे घे. भिंतीला घास. आरसा जाऊ दे."

पत्रा घासल्याचा आवाज बराच वेळ आला. किती ते मला सांगता येणार नाही. मिस्त्री हातातली कामं टाकून खिडकीपाशी जमले होते, साहेबही होते. मग एक दणका, काच फुटली, आणि इंजिन बंद पडलं.

"अहो," वहिनी म्हणाल्या. "अहो. अहो."

"आहे," उस्ताद म्हणाला. थोडा वेळ त्याचा श्वासच ऐकू आला. "थांबली. पाचव्या वळणाच्या अलीकडे. मागच्या बाईंचा हात दुखावलाय, बाकी सगळे धड आहेत."

मी खुर्चीत बसलो. मिस्त्र्यांपैकी एक जण तोंड फिरवून रडला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "तुम्हाला पंपाची टकटक ऐकू आली नाही?"

"आली ना."

"कधी?"

"मागच्या शुक्रवारी. गुरुवारी तू गाडी पाहिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"



"तू पास केली होतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, मूत्रपिंडं गेली, आता कानही गेले. म्हटलं, कशाला तुला आणखी एक सांगा."

वहिनींनी फोन खाली ठेवला. मी त्यांना इतक्या वर्षांत थकलेलं बघितलंय, चिडलेलं बघितलंय, उस्तादच्या पहिल्या डायलिसिसच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं बघितलंय. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे होतं ते मला पुन्हा बघायचं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी, शरमेने, मान खाली घातली. अकराव्या दिवसाचं त्यांना मी तिथेच सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पंप द्या एक. आणि गाडीत बसा."

बाकीच्या बावीस गाड्यांचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचा धीर राहणार नाही. साहेबांनी त्याच दुपारपासून स्वतः फोन लावले. दोन दिवसांत एकवीस आल्या. वहिनींनी मशीन बाजूला ठेवून पेडलवर पाय ठेवून तपासल्या, नऊ पंप मेलेले निघाले. बाविसावी एक भाड्याची व्हॅन होती, मालकाने ती विकली होती, ज्याने घेतली त्याचा नंबर लागत नाही. ती अजून कुठेतरी चालते आहे. कंपनीला वहिनींनी त्याच संध्याकाळी लिहिलं. उत्तर आलं, 'आपली सूचना नोंदवून घेतली आहे, पुढील अपडेटमध्ये विचार होईल.' पुढच्या अपडेटमध्येही चाचणी नव्हती, ती त्याच्या पुढच्यात आली, चाळीस दिवसांनी. कंपनीची आमच्यासारखी किती गॅरेजं आहेत मला माहीत नाही. त्या चाळीस दिवसांत त्या सगळ्यांच्या पडद्यावर हिरवी खूण येत राहिली असणार, आणि माझ्यासारखा कुणीतरी माणूस फळी पुसून पुढे जात राहिला असणार.

तर त्या दुपारी आम्ही गॅरेजची पिकअप घेऊन उतारावर गेलो. वहिनी चालवत होत्या, मी शेजारी, मांडीवर पंपाचा डबा. व्हॅन भिंतीला अंग टेकून उभी होती, एका बाजूचा पत्रा पार सोलून निघालेला. ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होता. हात दुखावलेल्या बाईंना कुणीतरी आधीच आपल्या गाडीने खाली नेलं होतं. उरले उस्ताद आणि आणखी तिघं. काही झालं तरी त्यांना केंद्रात पोहोचायलाच हवं होतं. डायलिसिस चुकवायचं नसतं, अपघात झाला म्हणून रक्त थांबून राहत नाही. व्हॅनला पंप बसवायला निदान दोन तास लागले असते, तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता.

तिघांना पिकअपच्या मागे गाद्या टाकून बसवलं. उस्तादला पुढे, मधल्या जागेवर. त्याच्या हातावर पट्टी होती, कपाळाला काचेचा बारीक ओरखडा, आणि तो वहिनींकडे बघत नव्हता. वहिनीही त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. समोर अजून तीन वळणं होती.

वहिनींनी ब्रेकवर पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. पाच वेळा, सहा वेळा.

"काही ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं.

उस्तादने डोळे मिटले. बराच वेळ मिटून बसला. आयुष्यभर हे त्याला दोन मिनिटांत जमायचं.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला आता काहीच वाटत नाही. तुम्ही सांगा ना."

"तू बघितलीस का ही गाडी?"

"मागच्या महिन्यात."

मागे तिघं जण गादीवर बसून वाट बघत होते, त्यांच्यातल्या एकाने काचेवर बोटाने ठोकलं. इंजिन चालू होतं. वहिनींचा पाय ब्रेकवर आणि उस्तादचे डोळे मिटलेले. सगळ्या वस्तीच्या गाड्या ज्यांच्या एका शब्दावर रस्त्यावर धावतात ती ही दोन माणसं, आणि दोघांपैकी एकही 'चल' म्हणेना. ती एकमेकांच्या शब्दाची वाट बघत राहिली. मला वाटलं, ती अशीच संध्याकाळपर्यंत बसतील आणि मागचे तिघं तिथेच मरतील.

शेवटी मी म्हणालो, "चला."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला काही कळत नाही हे त्यांना माहीत होतं, उस्तादला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी त्यांनी ब्रेकवरून पाय उचलला.